टीचरना विचारा : युवा मंडळात आता सहाच जण येतात

आदरणीय टीचर,

मी चोवीस वर्षांचा आहे. गेल्या जूनमध्ये आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, युवा मंडळाचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. वहीत आमचे 138 सभासद आहेत. रविवारी साडेनऊच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, सभा असते. तिला सहा जण येतात, त्यातली दोन माझी चुलत भावंडं. डिसेंबरात मात्र नाताळगोठा उभारायला तीस-पस्तीस पोरं रात्र रात्र जागतात. 2 जानेवारीला सगळी गायब.

आम्ही प्रयत्न केले नाहीत असं नाही. बॉक्स क्रिकेट ठेवलं, साठ जण आले. सप्टेंबर 2025 मध्ये पंधराव्या वर्षी वारलेले इटलीचे कार्लो अकुतिस यांना संतपद मिळालं तेव्हा त्यांच्या जीवनावर पडद्यावर कार्यक्रम केला, अकरा जण आले. बाहेरचे वक्ते बोलावून एक दिवसाचं शिबिर घेतलं, त्याला नऊ. आधीचे साहाय्यक फादर गिटार वाजवायचे, तेव्हा चाळीस जण असायचे. मे महिन्यात त्यांची बदली झाली. नवे फादर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे शाळाही आहे. शिवाय अर्धी मुलं गावातली, मराठी मिस्सेची, आणि अर्धी स्टेशनकडच्या इमारतींतली, इंग्रजी मिस्सेची. ती एकमेकांत मिसळत नाहीत. पॅरिश कौन्सिलच्या प्रत्येक बैठकीत मला उभं करून विचारतात, "युवक कुठे आहेत?"

कधीकधी वाटतं, मंडळ बंद करावं. एक जण म्हणतो, 2027 च्या ऑगस्टमध्ये सोलला जागतिक युवा दिन, म्हणजे जगभरच्या कॅथलिक तरुणांचा मेळावा आहे, निधी जमवून दहा जणांना पाठवू, म्हणजे सगळ्यांना उत्साह येईल. तुम्ही काय सांगाल?

— एक युवा अध्यक्ष, वसई तालुका

प्रिय बाळ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझी कळकळ त्यात आहे आणि थकवाही आहे. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. पत्रात आकडे पुष्कळ आहेत : 138, सहा, साठ, अकरा, नऊ. नाव एकही नाही. जे यायचे बंद झाले त्यांच्यातला एखादा कोण होता, कुठल्या वाडीतला, हल्ली काय करतो, हे तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, तुला ते माहीत नसावं. तुला बोल लावत नाही. तुम्हाला हजेरी मोजायला आमच्याच पिढीने शिकवलं.

एक प्रसंग सांगते. तो मला अजून सलतो. 2008 चा ऑक्टोबर होता. आमच्या चर्चमध्ये युवकांच्या मिस्सेला अकरावीतल्या एका मुलीला बायबलमधलं दुसरं वाचन दिलं होतं. घरी ती आपल्या बोलीत घडाघडा बोलायची, पण शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे देवनागरी वाचताना अडखळायची. म्हणून तिने सगळं वाचन वहीच्या कागदावर निळ्या शाईने रोमन अक्षरांत उतरवून आणलं होतं. कागदाची चौपदरी घडी केली होती. ती उलगडताना तिचे हात कापत होते. मी तिसऱ्या बाकावर होते, मला दिसत होतं. सुरुवातीलाच "थेस्सलनीकाकरांस" हा शब्द आला आणि ती अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. मागे कुणीतरी हसलं. मग ते हसू दोन-तीन बाकांवर पसरलं. तिने वाचन पुरं केलं, कागदाची पुन्हा तशीच चौपदरी घडी केली आणि जागेवर न येता बाजूच्या दाराने बाहेर गेली.

मिस्सा संपल्यावर मी तिला शोधायला गेले नाही. घरी पाहुणे यायचे होते. उद्या जाऊ, असं मनाशी म्हटलं. तो उद्या दोन वर्षांनी उजाडला, तोही वसई रोड स्टेशनच्या जिन्यावर योगायोगाने भेट झाली म्हणून. ती म्हणाली, "टीचर, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ओट्यावर बसून होते. वाटलं, कुणीतरी येईल." माझं घर तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

पोरांचं हसणं ती विसरून गेली असती. त्या संध्याकाळी कुणी आलं नाही, ते ती विसरली नाही. तुझ्या वहीतल्या 138 पैकी किती जण असे ओट्यावर बसून राहिले असतील, ते आधी शोध. माझं सांगणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

तीन महिने कार्यक्रम बंद ठेव. फादरांना भेटून स्पष्ट सांग की या काळात सभा नाही, शिबिर नाही, स्पर्धा नाही. तुम्ही सहा जण आहात, म्हणजे तीन जोड्या. प्रत्येक जोडीने आठवड्याला दोन घरं करायची. आम्ही 2011 च्या पावसाळ्यात हेच केलं. तेव्हा आमचंही मंडळ आठ जणांवर आलं होतं आणि मी व माझे यजमान सल्लागार होतो. चार जोड्या, आठवड्याला आठ घरं, असं करत नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होईपर्यंत नव्वदएक घरं झाली.

जाताना आम्ही काही पथ्यं ठरवली होती. हातात पत्रक न्यायचं नाही. कसलंही निमंत्रण द्यायचं नाही. "का येत नाहीस?" हा प्रश्न तर अजिबात विचारायचा नाही, कारण तो विचारला की समोरचा आरोपी होतो. "कसं चाललंय?" एवढं विचारायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं आमच्या पोरांना सगळ्यांत जड गेलं. उठताना घरच्यांची इच्छा असेल तर एक छोटी प्रार्थना. आणि घरातून बाहेर पडल्यावर, समोर नाही, वाटेतल्या दिव्याखाली थांबून वहीत चार ओळी लिहायच्या. ती वही कुणालाही दाखवायची नाही. घरातलं बोलणं बाहेर फुटलं, तर पुढच्या घराचं दार उघडत नाही.

मालाडला रात्रपाळी करणारा एक मुलगा होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा आई म्हणाली, झोपलाय. दुसऱ्यांदा गेलो, झोपलाय. आमच्यातली मुलगी वैतागली, म्हणाली, त्याला यायचंच नाही. तरी तिसऱ्यांदा गेलो. दुपारचे चार वाजले होते. तो खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर चहा पीत बसला होता. तासभर बोलला. नोकरीबद्दल, पाठीच्या दुखण्याबद्दल, आयर्लंडला जायचं की नाही याबद्दल. निघताना म्हणाला, "चार वर्षांत चर्चकडून माझ्याकडे दोनदा माणसं आली. दोन्ही वेळा सणाची वर्गणी मागायला." तो आमच्यावर रागावलेला नव्हता. जे घडलं ते सांगत होता. त्यामुळेच ते मनाला जास्त लागलं.

बाकीच्या घरांतूनही असंच काही ना काही निघत गेलं. एकाच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला आणि रविवारी त्यांना आंघोळ घालणारा तो एकटाच. दोघींना रात्री आठनंतर घरून सोडत नाहीत. एकाला वाटायचं, मंडळ म्हणजे त्या एका आळीतल्या पोरांचं. दहावी-बारावीच्या सगळ्यांना रविवारी सकाळी क्लास. रविवारी मिस्सेनंतरची वेळ अर्ध्या लोकांना सोयीची नव्हती, आणि आम्ही वीस वर्षं त्याच वेळेला सभा घेत होतो. मग शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ अशी वेळ केली. मुलींना घराच्या दारापर्यंत सोडायची जबाबदारी जोडीवर टाकली. शिफ्टवाल्यांसाठी महिन्यातून एकदा रविवारी दुपारी चारला भेटायचं ठरवलं.

लूकच्या शुभवर्तमानातली अम्माऊसची वाट तुला ठाऊक आहे. प्रभूच्या मरणानंतर ते दोघे शिष्य येरुशलेम सोडून चालले होते. आपल्या भाषेत, मंडळ सोडून चालले होते. प्रभू त्यांच्यामागून गेला, त्यांच्याच दिशेने त्यांच्यासोबत चालला, आणि त्याने आधी विचारलं की तुम्ही वाटेने काय बोलत चालला आहात. शास्त्र समजावून सांगणं नंतर, भाकरी मोडणं त्याहूनही नंतर. तू शिबिर घेतलंस, म्हणजे शेवटाकडून सुरुवात केलीस.

आता मंडळाच्या आतल्या गोष्टीकडे येते, कारण घरोघरी जाऊन आलेली मुलं पुन्हा जुन्याच जागी आली तर पुन्हा जातील. आमच्या युवा खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात कॅरम, बुद्धिबळ, दोन व्हॉलीबॉल आणि एक जुना तबला. कपाटाची किल्ली ऑफिसात. ऑफिस दुपारी बाराला बंद. कॅरम काढायचा तर आधी चिठ्ठी लिहून द्यायची. म्हणजे मुलं मोकळी असतील तेव्हा कपाट बंद, आणि कपाट उघडं असेल तेव्हा मुलं लोकलमध्ये. सणाच्या दिवशी मात्र खुर्च्या लावायला, मंडप बांधायला, वाहनं लावून घ्यायला "युवक, युवक" अशी हाक. कौन्सिलमध्ये सणाचं सगळं ठरून गेल्यावर त्यांना कामं वाटून दिली जायची.

आम्ही फादरांना विनंती केली, किल्ली मुलांकडे द्या. त्यांना धास्ती वाटत होती. तीन महिन्यांनी दिली. त्या वर्षात एक स्ट्रायकर हरवला आणि एकदा ट्यूबलाइट रात्रभर चालू राहिली. पुढे जमाखर्चाची वहीही मुलांनी लिहायला घेतली. पहिल्या वर्षी हिशेबात 340 रुपयांचा घोळ झाला, तो त्यांनी स्वतः शोधून काढला. तुझ्याकडे अध्यक्षपद आहे. किल्ली कुणाकडे आहे, ते मला कळव.

पोप फ्रान्सिस यांनी 2018 च्या तरुणांवरील सिनडनंतर, म्हणजे बिशपांच्या सभेनंतर, 25 मार्च 2019 रोजी, ‘ख्रिस्तुस व्हिवित’ हे पत्र लिहिलं. त्यातल्या 203 व्या परिच्छेदात त्यांनी स्वच्छ म्हटलं आहे की युवकांमधलं सेवाकार्य करणारे मुळात युवकच आहेत. मोठ्यांनी मदत करावी, वाट दाखवावी, पण नव्या रीती शोधायला त्यांना मोकळं सोडावं. पुढच्या बैठकीत तुला उभं केलं तर हा परिच्छेद शांतपणे वाचून दाखव. भांडू नकोस, वाच आणि खाली बस.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आपण 5 फेब्रुवारीला थाटाने करतो. वेदीवरच्या मूर्तीमागे एक तरुण मुलगा होता, हे किती जणांना सांगतो? कोवळ्या वयात ते येशूसंघीय (जेझुइट) मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि कित्येक वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबले. संघात घ्या, अशी त्यांची विनवणी होती. घेतलं नाही. मन खट्टू झालं, तिथून निघाले, मकावला व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्यांना आपलं म्हटलं आणि 1597 मध्ये नागासाकीला त्यांनी क्रुसावर प्राण दिला. राबवून घेतलं पण जागा दिली नाही, असा आपला पहिला युवक तोच. यंदाच्या नोव्हेनात, सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, एक दिवस हे सांगायला फादरांना सुचव. रात्रपाळीवाल्या मुलाला हा संत आपला वाटेल.

जोसेफ कार्डाइन हे नाव तू कदाचित ऐकलं नसशील. बेल्जियमच्या कामगार घरातला हा मुलगा धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतून सुट्टीला घरी यायचा, तेव्हा कारखान्यात लागलेले त्याचे शाळासोबती त्याच्यापासून आणि चर्चपासून दुरावलेले दिसायचे. ते शल्य त्यांनी जन्मभर जपलं. 1925 मध्ये तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ त्यांनी उभी केली. पाहा, पारखा, कृती करा, ही तिची रीत. 1961 मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या सामाजिक परिपत्रकात ती सगळ्या चर्चला सांगितली. आपल्या शाळांतल्या विद्यार्थी चळवळीतून ती आमच्यापर्यंत आली. मी स्वतः तिच्यावर वाढले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आमच्या मंडळातल्या मुली मोर्चाला गेल्या, त्या कुणी बस पाठवली म्हणून नव्हे. आपल्याच विहिरींचं पाणी खारट होताना त्यांनी पाहिलं होतं.

तुमच्या वहीचं हेच करा. तीन महिने झाले की सगळे बसा आणि नावं न घेता वाचा. आम्ही वाचलं, तेव्हा अकरा घरांत म्हातारी माणसं एकटी असल्याचं दिसलं. मुलं आखातात, कॅनडात, बोटीवर. एका आजीला व्हिडिओ कॉल उचलता येत नव्हता, म्हणून ती नातवाचा फोन आला की शेजारणीकडे धावायची, आणि पोचेपर्यंत फोन बंद व्हायचा. आमची मुलं हे पाहून आली होती. काय करायचं, ते मी सांगितलं नाही, फादरांनीही नाही. त्यांनीच ठरवलं की शनिवारी सभेच्या आधी अर्धा तास प्रत्येक जोडी एका घरी जाईल. औषधं आणणं, विजेचं बिल भरणं, फोन शिकवणं. त्या आजीने पहिला कॉल स्वतः उचलला तो दिवस त्या पोरांनी गोठ्याचं पहिलं बक्षीस मिळाल्यासारखा साजरा केला. त्या कामासाठी हजेरी लावावी लागली नाही.

प्रार्थनेचं मात्र विसरू नका. खेळ आणि समाजसेवा तरुणांना बाहेरही मिळते, आणि बऱ्याचदा आपल्यापेक्षा चांगली मिळते. आम्ही शनिवारी शेवटची वीस मिनिटं चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतापुढे, वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीपुढे, बसायचो. मोठे दिवे बंद, दोन मेणबत्त्या, एकच छोटं गीत पुन्हा पुन्हा, आणि मधे बरीच शांतता. प्रवचन नाही. मला भीती होती की मुलं कंटाळतील. उलट रात्रपाळीवाला मुलगा त्या वीस मिनिटांसाठी कामावर जाण्याआधी यायचा, सभेला यायचाच नाही. आम्ही त्याला सभेला ये म्हटलं नाही.

भाषेचा तुझा प्रश्न खरा आहे आणि तो एका मंडळाने सुटणारा नाही. गावातल्या मुलाला इंग्रजीत बोलायची लाज वाटते, इमारतीतल्या मुलीला मराठी वाचायची. दोघं एकमेकांना शिष्ट समजतात. यात निळ्या शाईचा तो कागद मला नेहमी आठवतो. म्हणून एवढं कर : जोड्या लावताना एक मराठी मिस्सेचा आणि एक इंग्रजी मिस्सेचा असे लाव. इमारतीतल्या घरी इंग्रजीवाल्याने बोलावं, वाडीत मराठीवाल्याने. आणि शनिवारी दहा मिनिटं उद्याच्या वाचनाची तालीम घ्या. कुणाला रोमन अक्षरांत लिहून लागलं तर लिहून द्या. त्यात कमीपणा नाही. अवघड नावं दोनदा मोठ्याने म्हणवून घ्या. तालीम घ्यायला माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका तुमच्या धर्मग्रामातही असतील. त्यांना विचारा, त्या वाट बघत असतात.

गिटारवाल्या फादरांची आठवण येणं साहजिक आहे. पण साहाय्यक फादर काही वर्षांनी बदलणार, हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. एका माणसाभोवती मंडळ उभं राहिलं की त्याच्या सामानाबरोबर तेही टेम्पोत चढतं. म्हणून एखादं विवाहित जोडपं सल्लागार म्हणून घे, तिशी-चाळिशीतलं, गावात राहणारं. फादरांकडून महिन्यातून एकच संध्याकाळ माग, पण ती नक्की मिळू दे.

क्रिकेटला मी नाक मुरडत नाही. साठ जण आले, म्हणजे साठ नावं आहेत. त्यांचे फोन नंबर तुझ्याकडे असतील तर पहिली वीस घरं तिथूनच घे.

सोलबद्दल. जाणाऱ्यांनी जरूर जावं. जगभरची मुलं एकत्र प्रार्थना करताना पाहिली की माणूस वेगळा होऊन येतो, मी अशी मुलं पाहिली आहेत. पण दहा जणांना कोरियाला पाठवायला लाखो रुपये लागतात, आणि ते जमवण्यात तुमचं सगळं वर्ष रॅफलची तिकिटं विकण्यात जाईल. उरलेल्या 128 जणांकडे तुम्ही पुन्हा पैसे मागायलाच जाल. आपल्या धर्मप्रांतातही युवा दिन होतो. पोप फ्रान्सिस यांनी तो झावळ्यांच्या रविवारऐवजी ख्रिस्तराजाच्या सणाला ठेवला आहे. त्या दिवसाची पूर्ण मिस्सा, गाण्यांपासून प्रार्थनांपर्यंत, यंदा तुमच्या मुलांना बसवू दे. त्याला विमान लागत नाही.

मंडळ बंद करू नकोस. येत्या शनिवारी वही उघड, एक नाव निवड, कुणाला तरी बरोबर घे आणि जा. दहा घरं झाली की मला पुन्हा लिही. त्या पत्रात आकडे नकोत.

— टीचर

टीचर,

माझी मुलगी बारावी विज्ञानला आहे. दृढीकरण संस्कार झाल्यापासून ती युवा मंडळात जाते आणि तिला आवडतं. पण रविवारी आठ ते बारा क्लास असतो. मिस्टर म्हणतात, हे एक वर्ष चर्चचं सगळं बंद, मिस्सासुद्धा शनिवारी संध्याकाळी उरक. शिवाय सभा कधी कधी रात्री दहापर्यंत चालते आणि घरी कोण सोडतं ते कळत नाही. मी तिला अडवावं का?

— एक आई, नालासोपारा

प्रिय ताई,

शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच असते, त्यात उरकणं काही नाही. तिथे तिला मनापासून जाऊ द्या, जमल्यास तिघं मिळून जा.

सभेचं म्हणाल तर महिन्यातून दोनदा दीड तास गेला म्हणून बारावीचा निकाल बिघडत नाही. माझ्या हाताखालून तीस वर्षं मुलं गेली, हे मी जबाबदारीने सांगते. उलट त्या वर्षी मुलं फार एकटी पडतात. चाचणीचे मार्क आईबापांपासून लपवणारी मुलगी मैत्रिणीला सांगते, आणि ती मैत्रीण बहुधा अशाच ठिकाणी असते.

रात्री दहाचं मात्र तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. फादरांना किंवा सल्लागारांना स्वतः जाऊन भेटा. सभा कधी सुरू होते, कधी संपते, तिथे मोठं माणूस कोण असतं, मुलींना कोण सोडतं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अठराच्या आतल्या मुलांबाबत ही उत्तरं मंडळाकडे तयार असायलाच हवीत. विचारल्याचा त्यांना राग आला, तर वेळ बदलेपर्यंत पाठवू नका. राग न येता त्यांनी वेळ आठची केली, तर पाठवा.

— टीचर

आदरणीय टीचर,

मी धर्मग्राम परिषदेचा सभासद आहे, वय 67. रविवारी दहा-पंधरा तरुण मुलं मिस्साभर चर्चच्या बाहेर, मोटारसायकलींजवळ उभी असतात. आत बाकं रिकामी. फादरांनी मायकवरून दोनदा सांगितलं, तेवढ्यापुरती आत येतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा बाहेर. काही कडक नियम करावा का?

— एक वाचक, वसई

प्रिय बंधू,

ती मुलं येतात, हे आधी लक्षात घ्या. कुणी जबरदस्ती करत नसताना रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून चर्चच्या आवारात येतात. काही जण आईला सोडायला येतात, काहींना आत आलं की सगळे वळून बघतील असं वाटतं. मायकवरून बोललेलं त्यांना सगळ्या गावासमोर बोलल्यासारखं लागतं. नियम केलात तर ती आवारातही दिसणार नाहीत.

येत्या रविवारी मिस्सेच्या पंधरा मिनिटं आधी तुम्ही मोटारसायकलींजवळ जाऊन उभे राहा. कुणाचा मुलगा, कुठे कामाला, एवढं विचारा. पाच जणांची नावं लक्षात ठेवा आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना नावाने हाक मारा. आत चला म्हणू नका. तुम्ही स्वतः मात्र त्या दिवशी पुढे न जाता दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसा आणि शेजारी थोडी जागा ठेवा.

— टीचर